पाठीमागचा आवाज

कोच एमेट श्लागेलने प्रोजेक्टर थांबवला, पण दिवा लावला नाही. त्या काळोखातच त्याने टीमच्या सेंटरला, नॉर्म ड्रॅबेकला, विचारलं, "या पोराभोवती टीम उभी करावी का रे?"

हे मला कशाला विचारताय, असं नॉर्म म्हणाला.

"कारण तू त्याच्याकडे पाठ करून असतोस. आम्ही बाकीचे सगळे त्याला बघत बसतो. बघून बघून आमची डोकी फिरलीत."

मंगळवारची सकाळ होती. बाहेर सरोवरावरून बर्फ येत होतं. एरीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा हंगाम केव्हाच हातचा गेला होता. तीन सामने उरले होते, तेही उरकायचे म्हणून. पाच वर्षं क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी सांगून चेंडू फेकणारा, असलेल्या एडी पॅस्टोरचा खांदा ऑक्टोबरात निखळला आणि तो परत येणार नाही हे आता गावातल्या पोरासोरांनाही कळलं होतं. त्याच्या जागी लेन टिबडो उभा होता. लुइझियानाचा, टीममध्ये दुसरंच वर्ष असलेला, बारीक चणीचा. हेल्मेट घातलं की मान दिसायची नाही आणि काढलं की सगळी मानच दिसायची.

कोचने सगळं सरळ मांडलं. आपण इतकं वाईट खेळलोय की एप्रिलमध्ये नवे खेळाडू निवडायला पहिला नंबर आपला. वरचे लोक म्हणतात, तो कॅलिफोर्नियाचा लांब हाताचा पोरगा उचला. त्याचा हात म्हणजे तोफ आहे, पण समोरची टीम काय करणार आहे ते त्याला वाचता येत नाही. अगदी अक्षरशत्रू.

"दोन वर्षं तरी त्याच्यासाठी दुसऱ्याने वाचायला लागेल. ते तू वाचशील. दोन वर्षं तुझी जागा पक्की."

"आणि टिबडोला ठेवला तर?"

"तर तो स्वतःच वाचेल. मग मला वाचणारा सेंटर नको, पळणारा हवा." कोच जरा थांबला. "तुझे गुडघे मी रोज बघतो, नॉर्म. तुझ्यापासून काय लपवायचं."

नॉर्मला राग आला नाही. कोच गोड बोलला असता तर आला असता.

"म्हणजे मी हो म्हटलं की मी घरी."

"हो."

"आणि तरी मलाच विचारताय."

"मग काय रेडिओवाल्यांना विचारू? हंगाम संपायच्या आत सांग."

नॉर्मला खेळायचं होतं. त्यामागे फार मोठं कारण नव्हतं. मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात त्याच्यासाठी एक खुर्ची तयार होती, आणि मेव्हणा माणूस चांगला होता. पण रविवारी दुपारी आपण जगात नेमकं कुठे उभं राहायचं हे नॉर्मला माहीत असे. बाकीच्या दिवसांचं तसं नव्हतं.

*

पाठ करून काय कळतं

सेंटर चेंडूवर वाकतो. क्वार्टरबॅक त्याला चिकटून मागे उभा राहतो, दोन्ही हात त्याच्या बुडाखाली धरतो आणि हाक देतो. हाकेसरशी सेंटरने पायांमधून चेंडू त्या हातांत मारायचा. पुढचं सगळं सेंटरच्या पाठीमागे घडतं. प्रेक्षक ज्यासाठी तिकीट काढतात ते त्याला कधीच दिसत नाही.

हात कळतात. एडीचे हात जड होते, मालकाचे. त्याच्याआधी एकजण होता, त्याचे हात थंडीतही ओले. आणखी एक होता, तो हात ठेवून काढायचा, पुन्हा ठेवायचा, जसं काही तवा तापलाय की नाही ते बघतोय.

टिबडोचे हात हलके. पाहुण्याचे.

श्वास कळतो. तंबाखू कळते. आदल्या रात्रीचं भांडण कळतं, कारण ज्याचं भांडण झालंय तो हाक देताना शेवटचा शब्द गिळतो.

आणि हाकेच्याही आधी हाळी असते. ती सेंटरची. समोरच्यांची ठेवण बघायची, हल्ला कोणत्या बाजूने येणार ते ताडायचं आणि आपल्या लाइनला, म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंत घालणाऱ्यांना, ओरडून सांगायचं. एरीत त्यासाठी दोन नावं होती. लूसी म्हटलं की सगळ्यांनी डावीकडे सरकून भिंत घालायची. रोझी म्हटलं की उजवीकडे. या बायका कोण, ते नॉर्मने कधी कुणाला सांगितलं नाही आणि त्याच्या बायकोने, लॉरेटाने, कधी विचारलं नाही.

नाव चुकलं की भिंत एका बाजूला, हल्ला दुसऱ्या बाजूला आणि मध्ये क्वार्टरबॅक.

एडीला ही नावं कधीच ठरवावी लागली नाहीत. तो म्हणायचा, बायकांचं खातं नॉर्मकडे.

*

एकच खेळी, तीनदा

*मैदानावर.*

बाहेरगावचा सामना, दुसरा अर्ध. नॉर्म वाकला, बघितलं, ओरडला, "लूसी!" सगळे डावीकडे सरकले. समोरच्यांचा एक आडदांड उजवीकडून मोकळा आला, रस्ता झाडून ठेवल्यासारखा, आणि त्याने टिबडोला बरगड्यांत धरून आडवा केला. तो आवाज नॉर्मला पाठीमागून ऐकू आला. ओल्या गादीवर कुणी काठी मारावी तसा.

टिबडो उठला. कुणाकडे बघितलं नाही. म्हणाला, "चला, पुढचं."

*पडद्यावर.*

दुसऱ्या दिवशी कोचने ती खेळी लावली. या फिल्मला आवाज नसतो. प्रोजेक्टरचा खडखडाट तेवढा. कोच मागे घ्यायचा, पुढे सोडायचा. माणसं उठायची, पडायची, उठायची.

"हाळी चुकली," कोच म्हणाला, आणि पुढच्या खेळीकडे वळला. त्याच्यापुरतं तेवढंच. सगळ्यांची चुकते.

सगळे गेल्यावर नॉर्मने ती खेळी स्वतः पुन्हा लावली.

आधी त्याने स्वतःला बघितलं. बाकीची लाइन अजून उभी होती आणि तो एकटा केव्हाच खाली गेला होता. गुडघे असे झाले होते की एकदम वाकता येत नव्हतं. जागा घेत घेत, जरा आधीच बसायला लागायचं. आणि एकदा बसलं की मान फार वर होत नाही. तो आडदांड शेवटच्या क्षणी उजवीकडे सरकला, तेव्हा नॉर्मच्या डोळ्यांसमोर फक्त गवत होतं आणि समोरच्याचे बूट.

मग त्याने टिबडोला बघितलं.

मागे. पुन्हा.

चेंडू निघायच्या आधी टिबडोचं तोंड उजवीकडे वळलं होतं. उजवी टाच उचलली गेली होती. मार कुठून येणार हे कळलेल्या माणसाचीच टाच तशी उचलली जाते.

पोराला दिसलं होतं. पोरगा गप्प बसला होता आणि त्याने बरगड्या पुढे केल्या होत्या.

*मासे खाताना.*

शुक्रवारी पोलिश क्लबात तळलेले मासे असतात आणि लाइनमधले सगळे तिथे जातात. टिबडो पहिल्यांदाच आला. खुर्चीत तिरका बसला होता, बरगड्या बांधलेल्या. ओटिस ग्रेव्हली, नॉर्मच्या उजव्या हाताला खेळणारा गार्ड, त्याला म्हणाला की लुइझियानात मासे खातात की मासे तुम्हाला खातात? टिबडो म्हणाला, "वर्षावर अवलंबून असतं, सर." सगळे हसले. त्याने बिअर घेताना वाढणारीलाही मॅडम म्हटलं, आणि ती पुढची सगळी संध्याकाळ त्याच्या ताटावर लक्ष ठेवून होती.

ओटिस बिअर आणायला उठला तेव्हा नॉर्मने हलकेच म्हटलं, "त्या खेळीला तुला दिसलं होतं."

टिबडोने घास संपवला. "हो, सर."

"मग बोलला का नाहीस?"

"हाळी तुमची असते, मिस्टर ड्रॅबेक. तुम्ही नऊ वर्षं देताय. आमच्याकडे बापाच्या वयाचा माणूस बोलला की त्याच्यावर बोलत नाहीत."

"मी तुझ्या बापाच्या वयाचा नाही."

"मोठ्या भावाच्या म्हणू, सर."

इथे नॉर्मला दोन गोष्टी म्हणता आल्या असत्या. पहिली: गाढवा, मैदानावर वय नसतं, दिसलं की ओरडायचं. दुसरी त्याने म्हटली.

"तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय तुला."

पोरगा खूश झाला. मान खाली घालून पुन्हा खायला लागला. ओटिस चार ग्लास घेऊन आला आणि नॉर्मने त्यातला एक उचलून अर्धा एका दमात रिकामा केला.

घरी जाताना त्याच्या मनात सगळं व्यवस्थित बसलं होतं. ज्याला दिसतं आणि जो बोलत नाही त्याच्याभोवती टीम उभी करत नाहीत. हे खरं होतं. कोणत्याही कोचला सांगावं इतकं खरं. कोचला तेवढंच सांगायचं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही, आणि दोन वर्षं त्या तोफेसाठी वाचत बसायचं.

*

रेडिओ, गावातले लोक, सोमवार ते शनिवार

— हात लहान आहेत. माझा साडू त्याला शेकहँड करून आलाय.

— क्वार्टरबॅकला जबडा लागतो. एडीचा जबडा बघा. याचा जबडा कुठे आहे?

— टीम पोराभोवती नाही, लाइनभोवती उभी करतात. माझे वडील सांगायचे. माझे वडील रेल्वेत होते.

— तो खेळी सांगताना रिंगणात "प्लीज" म्हणतो असं ऐकलं. खरं असेल तर देवच वाचवो.

— कॅलिफोर्नियाचा घ्या.

— कॅलिफोर्नियाचा एरीत डिसेंबर काढेल का? आधी त्याला इथे महिनाभर बर्फ ओढायला लावा, मग बोलू.

— मला फुटबॉलचं नव्हतं विचारायचं. त्या पोलिश क्लबात मासे किती वाजेपर्यंत असतात?

*

बेनी

पुढचा सामना घरचा. सरोवराकडून वारा, मैदान दगडासारखं.

तिसऱ्या सत्रात नॉर्मने पुन्हा लूसी दिली आणि हल्ला पुन्हा उजवीकडून आला. या वेळी टिबडोच्या बाजूला बेनी कॅटलॉन होता. बेनी टीमचा सगळ्यात बुटका माणूस, चेंडू घेऊन पळायचं त्याचं काम. मोकळा सुटलेला माणूस त्याने बघितला आणि आपलं काम नसताना तो मध्ये पडला. दोघांची टक्कर झाली तेव्हा बेनीचं हेल्मेट निघून गडगडत गेलं.

बेनी उठेना. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. त्याने बोटं हलवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बाहेर नेलं. तो पुढे बरा झाला, हे इथेच सांगून टाकतो, पण त्या दुपारी ते कुणाला माहीत नव्हतं.

रिंगण जमलं. तोंडातून वाफा. टिबडो मध्ये गुडघ्यावर टेकला आणि पुढची खेळी सांगायच्या ऐवजी त्याने वेगळंच काही सांगितलं. आवाज न वाढवता, मीठ पुढे करा म्हणावं तसा.

"इथून पुढे बाई कोणती ते मी सांगणार. मिस्टर ड्रॅबेक ओरडतील ते धरायचं नाही. मी ओरडेन ते धरायचं."

कुणी हललं नाही.

लाइनमधल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं एकच आवाज ऐकला होता. त्या आवाजावर ते झोपेतही सरकले असते. सगळे टिबडोकडे बघत नव्हते. ते नॉर्मकडे बघत होते.

ओटिस म्हणाला, "म्हाताऱ्या?"

एवढंच. या एका शब्दात सगळं होतं: तू नाही म्हण, मग या पोराला आम्ही बघतो. नॉर्मला नुसती मान हलवायची होती. पोरगा तिथेच संपला असता, बर्फात, कुणाला कळलंही नसतं. आणि मंगळवारी कोचला सांगायला आणखी एक खरी गोष्ट मिळाली असती: लाइन त्याचं ऐकत नाही.

टिबडो नॉर्मकडे बघत होता. घाबरला होता. ते त्याच्या नाकपुड्यांवर दिसत होतं. पण त्याने बोललेलं परत घेतलं नाही, आणि त्यापुढे "सर" लावलं नाही.

पंचाने हाताने घाई केली.

नॉर्म वळला आणि चालत चेंडूकडे गेला. खाली बसला. तोंड बंद ठेवलं.

त्याच्यामागून एकेक जण येऊन आपापल्या जागी उभा राहिला.

*

बाई कोणती

नॉर्मला दिसतं: डावीकडे. पाठीमागून: "रोझी!" अंग म्हणतं लूसी, पाय म्हणतात लूसी, नऊ वर्षं म्हणतात लूसी. नॉर्म उजवीकडे जातो. उजवीकडे माणूस असतो.

नॉर्मला दिसतं: उजवीकडे. पाठीमागून: "रोझी!" ठीक.

नॉर्मला काही दिसत नाही, बूट दिसतात. पाठीमागून: "लूसी! नाही. रोझी, रोझी!" उजवीकडे माणूस असतो. ओटिस त्याला धरून उताणा पाडतो आणि वरून म्हणतो, "रोझीने नमस्कार सांगितलाय."

मैदान पुढे सरकत जातं. लोक उभे राहायला लागतात.

मग:

"लूसी!"

आणि माणूस उजवीकडून येतो.

या वेळी नॉर्मला ते दिसलं होतं, कसं कोण जाणे. त्याला ते अगदी स्पष्ट दिसलं होतं आणि तो लूसीलाच गेला, कारण सांगणारा आता तो नव्हता. पाठीमागे तोच आवाज, ओली गादी, काठी. चेंडू सुटला. समोरच्यांचा एकजण तो उचलून पळाला तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत, आणि एवढ्या कष्टाने जवळ आलेला सामना पुन्हा लांब गेला. लोकांनी हुर्यो केली. कुणीतरी वरून हातमोजा फेकला.

बाकावर बसल्यावर ओटिस नॉर्मच्या कानाशी म्हणाला, "झालं? आता घे परत तुझ्या बायका."

नॉर्मने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. त्याला एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती बाकावर ऐकू येणार नव्हती.

चूक केल्यावर क्वार्टरबॅकचं काय होतं, हे त्याला पाठ होतं. एडी मोठ्याने ओरडायचा. पुढच्या खेळीला त्याचा आवाज गावभर जायचा आणि त्यात नाव कुणाचं तरी दुसऱ्याचं असायचं. ओल्या हातांचा तो माणूस कुजबुजायचा. तव्यावाला घाई करायचा, चुकीपासून लांब पळाल्यासारखा. एकजण, चांगला पोरगा, त्याची हाक प्रश्न होऊन यायची. सगळ्यांचं काहीतरी बदलायचं. वाईट म्हणून नव्हे. माणसं होती.

पुन्हा रिंगण. टिबडोच्या ओठातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "ती चूक माझी." मग लगेच पुढची खेळी सांगितली. माफी नाही, भाषण नाही.

नॉर्म जाऊन वाकला. पाठीमागे हात आले. हलके नव्हते, जडही नव्हते. जिथे असायचे तिथे होते.

तो वाट बघत राहिला.

समोर लोक सरकत होते, परत सरकत होते, उगाच फसवत होते. ज्याचं आत्ताच तोंड फुटलंय त्याने इथे गप्प राहावं, सेंटरला बोलू द्यावं, कुणी काही म्हणणार नाही.

"रोझी."

तोच आवाज. चुकीच्या आधी होता त्याच उंचीवर, त्याच चालीत. वर गेला नव्हता, खाली आला नव्हता, कुणाला विचारत नव्हता. सुतार जसा एक खिळा वाकडा गेला म्हणून हातोडी बदलत नाही.

नॉर्म उजवीकडे गेला. उजवीकडे माणूस होता की नव्हता, हे त्याला नंतर कितीदा आठवून बघितलं तरी आठवेना.

सामना ते हरले.

*

ओटिसची गाडी

नॉर्मला घरी सोडताना ओटिसने गाडी दारात उभी केली पण इंजिन बंद केलं नाही. त्याला कोचच्या प्रश्नाबद्दल माहीत होतं. लाइनमध्ये काही लपत नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. सेंटर बदलला की गार्ड बदलतो. पळणारी लाइन आणायची तर ओटिसही पळणारा नव्हता. त्याला तीन मुलं होती आणि धाकटा आत्ताच कुठे शाळेत रुळला होता.

"तुला खोटं बोलायला नाही सांगत. तो मागच्या सामन्याला गप्प बसला होता, हे खरं आहे ना?"

खरं आहे, असं नॉर्म म्हणाला.

"आज त्याच्या हाळीवर गुण गेले, हे खरं आहे?"

"हो."

"मग कोचला दोन खऱ्या गोष्टी सांग आणि बाहेर ये. बास. तिसरी तुला कोण विचारतंय?"

नॉर्म पाय बाहेर काढून तसाच बसून राहिला. गुडघे सरळ व्हायला वेळ घेत होते.

"तो गप्प बसला तेव्हा मी त्याला शाबासकी दिली, ओटिस," तो म्हणाला. "माशांच्या वेळी. म्हटलं, चांगलं वळण आहे. तेवढ्याचसाठी, की त्याने गप्पच राहावं."

ओटिसने वायपर बंद केला.

"मग बेनी पडला तो?"

"त्याचमुळे."

ओटिसने हँडब्रेक सोडला. मग गियर टाकला. "उतर. थंडी आत येतेय."

*

फिल्मला आवाज नसतो

मंगळवारी नॉर्म स्वतःच कोचच्या खोलीत गेला. शेवटचा सामना अजून व्हायचा होता. कोच त्या जुळून आलेल्या खेळ्या बघत होता, रोझीच्या, ओटिसने माणूस उताणा पाडला ती. खुशीत होता. "ही बघ," म्हणाला. "ही त्याने शेवटच्या क्षणी बदलली. वाचतो, नॉर्म. खरंच वाचतो."

"ती नको. ती दुसरी लावा. चेंडू सुटला ती."

"ती कशाला?"

"लावा तर."

कोचने लावली. टिबडो पडला, चेंडू सुटला, एक माणूस पळत चौकटीच्या बाहेर गेला.

"आता पुढची."

पुढची एक साधी खेळी होती. छोटा पास, थोडं अंतर, कुणाच्या लक्षात राहू नये अशी. कोचने ती दोनदा फिरवली आणि खांदे उडवले. यात काय बघायचं, असं विचारलं.

"यात आवाज नाही," नॉर्म म्हणाला. "म्हणून तुम्हाला दिसत नाही. आधीच्या खेळीला त्याने सामना घालवला. घरच्या लोकांनी हुर्यो केली. तोंड फुटलेलं. त्यानंतरची ही हाळी. कोच, ती तशीच आली. केसभर इकडेतिकडे नाही."

कोचने ती खेळी पुन्हा मागे घेतली.

"बरोबर वाचणारे पुष्कळ असतात. मीही वाचायचो. चुकीचं वाचून, सगळ्यांसमोर उघडं पडून, पुढच्या वेळी पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगणारा मी नाही बघितला. मी तसा नव्हतो. मला कळलं होतं की माझं चुकतंय, आणि मी त्याला गप्प ठेवला."

हे शेवटचं वाक्य तो म्हणणार नव्हता. ते आलंच.

कोचने प्रोजेक्टर बंद केला, या वेळी उठून दिवाही लावला. दोघांना एकमेकांची तोंडं दिसली आणि दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

"तू काय सांगतोयस ते तुला कळतंय ना?"

"हो. त्याच्याभोवती उभी करा."

"बरं."

"ओटिसला एक वर्ष द्या. नव्या सेंटरला बाजूला कुणीतरी बोलणारा लागेल."

"बघतो."

"बघतो नको."

"ठीक आहे. एक वर्ष."

नॉर्म उठायला लागला. टेबलाला हात टेकून, आधी एक पाय, मग दुसरा. कोच कपाटात काहीतरी शोधत होता. त्याने एक रीळ काढलं, पेटीवरची धूळ शर्टाला पुसली, आणि जरा अवघडून नॉर्मकडे वळला.

"आयोवाचा एक पोरगा आहे. सेंटर. कॅलिफोर्नियाच्या ऐवजी पहिला नंबर यालाच लावावा असं डोक्यात आहे. वरचे मला वेड्यात काढतील." त्याने रीळ हातात फिरवलं. "माझ्या इथे सेंटर कुणाला कळत नाही, नॉर्म. बघतोस का जरा?"

नॉर्मला वाटलं, या माणसाला एक तोंडात द्यावी. मग वाटलं, देऊन काय होणार, रीळ तर तिथेच राहील.

तो पुन्हा बसला. कोचने दिवा मालवला.

पडद्यावर एक जाडजूड, गोऱ्या केसांचा पोरगा चेंडूपाशी आला, उभा राहिला, समोर नीट बघून घेतलं आणि अगदी शेवटच्या क्षणी एका झटक्यात वाकला. नॉर्मने ते बघितलं. गुडघे तेलात घातल्यासारखे होते.

"मागे घ्या," तो म्हणाला.

कोचने मागे घेतलं.

"डावा हात बघा. वाकताना जमिनीवर टेकवतो. एरीत डिसेंबरात बोटं गोठतील त्याची. मांडीवर ठेवायला शिकवा." खुर्ची जरा पुढे ओढून तो बसला. "पुढे सोडा."